विजेची परतीची वाट

तलासरी तालुक्यातील एका गावच्या सेवा केंद्रात, जेथे सातबाऱ्याची नक्कल, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी सकाळपासून अर्जदारांची रांग लागते, गेल्या वैशाखात मला दोन-तीन तास बसून राहण्याचा प्रसंग आला. खोली लहान, वर पत्रे, खाली फरशी, आणि भिंतीशी दोन टेबलांवर दोन संगणक. त्यांपैकी पहिल्याच्या लोखंडी पेटीवर मी सहज हात टेकणार, तोच केंद्र चालवणारा तरुण घाईघाईने म्हणाला, “काका, तिला हात लावू नका, झिणझिण्या येतात.” दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर अक्षरे उमटत होती खरी, परंतु त्यांच्यावरून फिकट सावलीचे आडवे पट्टे अखंड थरथरत होते, आणि बाहेर विहिरीवरचा पंप सुरू झाला की ते अधिक गडद होत. रांगेतल्या एका आजीबाईंच्या जमिनीचा गट क्रमांक वाचताना त्या तरुणाला पडद्याजवळ तोंड नेऊन आकडा ३ आहे की ८, हे दोनदा पाहावे लागले. त्याने पडदा बदलून पाहिला होता, केबल बदलून पाहिली होती. पट्टे जागच्या जागी होते. दोन्ही पडदे निर्दोष होते. दोष भिंतीत होता, आणि भिंतीच्याही पलीकडे, जमिनीत होता.

विद्युत अभियांत्रिकीत आयुष्य गेल्यामुळे मल्टिमीटर माझ्या पिशवीत असतोच. त्याची एक काडी पहिल्या संगणकाच्या पेटीला आणि दुसरी ओल्या फरशीवर टेकवली, तेव्हा १०८ व्होल्टचा आकडा उमटला. पेटीची पिन ज्या बोर्डात होती त्याला तीन छिद्रे होती, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नव्हती. बोर्ड उघडल्यावर हिरवी तार कापून, दुमडून आत कोंबलेली दिसली. दुसऱ्या संगणकाची कथा निराळी होती. त्याचा पडदा शेजारच्या नव्या खोलीतून आणलेल्या बोर्डावर चालत होता व त्या बोर्डाला खरोखरीचा अर्थिंगचा खड्डा होता. परंतु संगणकाची पेटी जुन्या बोर्डावर होती, आणि तेथे कोणीतरी वेळ भागवण्यासाठी न्यूट्रलची तारच अर्थिंगच्या छिद्राला जोडून ठेवली होती. व्हिडिओ केबल काढून दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगमधला फरक मोजला, तो २ व्होल्ट भरला. पंप सुरू झाल्यावर तो ५ व्होल्टपर्यंत चढला. ज्या खोलीत गावाच्या जमिनीचे दप्तर उघडते, तिथल्या यंत्रांचेच जमिनीशी नाते तुटलेले होते.

विजेविषयी शाळेत शिकलेली एक गोष्ट आपण लवकर विसरतो, ती ही की वीज कोठेही जाऊन संपत नाही. जिथून निघाली तिथे तिला परत यावेच लागते. फेजच्या तारेने आलेला प्रवाह न्यूट्रलने परततो, आणि तिसरी, अर्थिंगची तार ही सामान्य वेळी रिकामी ठेवलेली राखीव वाट आहे, अशी साधारण समजूत असते. प्रत्यक्षात संगणकासारख्या यंत्रात ती वाट कधीच पूर्ण रिकामी नसते. आतला एसएमपीएस हा वीज पुरवणारा भाग सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतो व तोडतो, आणि त्या जोड-तोडीतून निघणारा उच्च वारंवारतेचा गोंगाट घराच्या तारांत शिरून शेजाऱ्याच्या रेडिओपर्यंत पोहोचू नये म्हणून फेज व न्यूट्रल यांपासून लोखंडी पेटीकडे दोन लहान कंडेन्सर जोडलेले असतात. गोंगाटाने ह्या कंडेन्सरांतून पेटीकडे उतरावे आणि बाहेर न पसरता आपल्या उगमाकडे परतावे, व त्यांच्यातून झिरपणारी थोडीशी वीज अर्थिंगने निमूटपणे निघून जावी, अशी ती तजवीज आहे. हिरवी तार कापली की तजवीज उलटते. २३० व्होल्टच्या दोन टोकांमध्ये समान कंडेन्सर, त्यांचा मध्य पेटीला बांधलेला, आणि पेटी अधांतरी. मग ती पेटी निम्म्या दाबावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगू लागते. झिणझिण्या त्याच. एका यंत्राचा हा प्रवाह एक मिलिअँपिअरलाही पोहोचत नाही. पण एकाच तुटक्या अर्थिंगच्या पट्टीवर संगणक, पडदा, प्रिंटर व स्कॅनर अशी चार यंत्रे लावली की चौघांची झिरप एकत्र होते, आणि अनवाणी माणसाच्या शरीरातून तिला वाट मिळते. यंत्राने शेजाऱ्याला उपद्रव देऊ नये म्हणून केलेली व्यवस्था आणि माणसाचा जीव राखण्याची व्यवस्था, या दोन्ही त्या एका जाड पिनेवर येऊन भेटतात, हे ध्यानात घेतले की तिसरे छिद्र शोभेचे आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आता पट्ट्यांकडे वळू. आपल्याकडील अनेक कचेऱ्यांत अजूनही निळ्या डोक्याची, तीन ओळींत १५ पिना असलेली व्हीजीए केबल वापरात आहे. आयबीएम कंपनीने १९८७ साली आपल्या नव्या संगणकांबरोबर ही पद्धत आणली. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन स्वतंत्र तारांनी जातात. प्रत्येक रंगाचा पूर्ण तेजाचा दाब अवघा ०.७ व्होल्ट. ह्या प्रत्येक तारेभोवती तिचे स्वतःचे जाळीदार वेष्टण असते, आणि ६, ७ व ८ क्रमांकांच्या पिना ह्या त्या तिन्ही रंगांच्या परतीच्या वाटा आहेत. सर्वांवर आणखी एक सामाईक जाळी असते, जी दोन्ही टोकांच्या धातूच्या कवचांना जोडलेली असते. साहजिकच केबल लावताक्षणी संगणकाची पेटी आणि पडद्याची चौकट विद्युतदृष्ट्या एक होतात. पेटीचा न्यूट्रल-मिश्रित अर्थ आणि पडद्याचा खड्ड्यातला अर्थ यांत जर ५ व्होल्टचा फरक असेल, तर तो फरक भागवण्यासाठी प्रवाह त्या जाळीतूनच धावणार. जाळीचा रोध कितीही अल्प असला तरी शून्य नसतो. तिच्या लांबीवर काही दशांश व्होल्टचा उतार पडला, तरी ०.७ व्होल्टच्या चित्रात तो मोठा भेसळीचा अंश ठरतो. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र रेखाटतो. दोघांची गती जुळत नसल्याने भेसळीची सावली एका जागी न ठरता थरथरत राहते. पंप सुरू झाला की न्यूट्रलमधला प्रवाह वाढतो, त्याबरोबर तारेतला उतार वाढतो, आणि पडद्यावरचा पट्टा गडद होतो. विहिरीवरच्या पंपाची नोंद आजीबाईंच्या सातबाऱ्यावर अशा रीतीने उमटत होती.

परतीची वाट जाण्याच्या वाटेला बिलगून का असावी, हे समजून घ्यायचे असेल तर डहाणू रोड स्थानकाच्या फलाटावर उभे राहून वर पाहावे. मुंबईच्या उपनगरी मार्गावर विरारपर्यंत पुष्कळ वर्षे १५०० व्होल्टची एकदिश वीज होती. विरारच्या पुढे, पालघर, बोईसर, डहाणूकडे, २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज. इंजिनाने वरच्या तारेतून घेतलेला प्रवाह चाकांतून रुळांत उतरतो आणि रुळांनी उपकेंद्राकडे परतू लागतो; परंतु रूळ जमिनीवर टेकलेले असल्याने त्यातला मोठा हिस्सा मातीत पांगतो. जाण्याची वाट वर, परतीची वाट खाली दूरवर पसरलेली, अशा प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र फार लांबवर पोहोचते व मार्गाशेजारच्या टेलिफोनच्या तारांत गुणगुण उत्पन्न करते. म्हणून जेथे गरज असते तेथे खांबांवर विशेष ट्रान्सफॉर्मर बसवून परतीचा प्रवाह मातीतून ओढून वरच्याच एका स्वतंत्र तारेत आणतात. जाणारा व येणारा प्रवाह शेजारी-शेजारी, समान आणि विरुद्ध असले की त्यांची क्षेत्रे परस्परांना पुसून टाकतात. जुन्या, काचेच्या जड नळीच्या पडद्यांना तर असे ५० आवर्तनांचे क्षेत्र थेट सोसावे लागे: नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत त्या क्षेत्राने किंचित वळे, आणि विद्युत रुळांच्या लगतच्या इमारतीत मजकूर पाण्याखाली ठेवल्यासारखा डुले. आजच्या सपाट पडद्यांत झोतच नसल्याने ती व्याधी गेली, पण तत्त्व राहिले. आणि खांबावरच्या त्या परतीच्या तारेचे सूक्ष्म रूप म्हणजेच व्हिडिओ केबलमधील जाळी होय.

हे सूक्ष्म रूप किती काटेकोर असावे लागते, ते वारंवारता वाढली की कळते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा सेकंदाला ६० वेळा रेखाटायचा, तर कडांबाहेरील विराम धरून सेकंदाला १४ कोटी ८५ लाख बिंदूंची गती ठेवावी लागते, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ. इतक्या वेगाचा प्रवाह सर्वांत कमी विरोधाच्या, म्हणजे आपल्या जाणाऱ्या तारेला अगदी लगटून असलेल्या वाटेने परतू पाहतो, आणि ती वाट जाळीने अखंड दिलेली असेल तर बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण स्वस्त केबलच्या टोकाशी कित्येकदा जाळी पिळून तिची एक बारीक शेपटी करतात व ती शेपटी एका पिनेला डाग देऊन मोकळे होतात. अडीच सेंटिमीटरची ही शेपटी ५० आवर्तनांच्या विजेला दिसतही नाही. १०० मेगाहर्ट्झला मात्र ती सुमारे १५ ओहमचा अडसर होते. ज्या प्रवाहाला दारातच अडवले तो दुसरी वाट शोधतो, जाळीच्या बाहेरच्या अंगावर येतो, आणि संपूर्ण केबल ही अँटेना बनते. एक मीटर लांबीच्या केबलच्या अंगावरून ५० मेगाहर्ट्झचा केवळ ५ मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दोन लाखावा भाग, प्रवाह वाहिला, तरी १० मीटरांवर उठणारे क्षेत्र घरगुती यंत्रांना घालून दिलेल्या आंतरराष्ट्रीय मर्यादेला जाऊन भिडते. म्हणून चांगल्या केबलची जाळी टोकाच्या धातूच्या कवचाला सभोवार, पूर्ण वर्तुळात आवळलेली असते. आणि केबलच्या टोकाजवळ जी काळी गुटगुटीत गाठ दिसते, तिच्यात फेराइटचा पोकळ दंडगोल असतो. जाणारा-येणारा समतोल प्रवाह तो अडवत नाही, फक्त वाट चुकून बाहेरच्या अंगाने धावणाऱ्याला रोखतो. पुढे आलेल्या एचडीएमआय पद्धतीत चित्राचा प्रत्येक संदेश दोन तारांच्या जोडीवर परस्परविरुद्ध रूपांत धाडतात, त्यामुळे पट्ट्यांचा उपद्रव जवळजवळ नाहीसा होतो. पण जाळी, कवच आणि अर्थिंग यांची गरज तिथेही संपलेली नाही.

ह्या मर्यादा कोणी घातल्या, हे सांगणे येथे प्राप्त आहे. रेडिओ घरोघरी पोहोचू लागला तेव्हा मोटारी, ट्रामगाड्या आणि कारखान्यांची यंत्रे त्यात खरखर मिसळू लागली, आणि देशोदेशींची मापे निरनिराळी असल्याने व्यापारात तंटे उत्पन्न झाले. म्हणून १९३४ साली पॅरिस येथे रेडिओ-व्यत्ययाचा विचार करणारी एक आंतरराष्ट्रीय समिती भरली. ‘सिस्पर’ ह्या संक्षिप्त नावाने ती आजही कार्य करते. संगणक व तत्सम यंत्रांसाठी तिने १९८५ साली क्रमांक २२ चे मानक काढले, आणि २०१२ साली त्याची जागा घेणारे क्रमांक ३२ चे. १९८५ हे वर्ष आणखी एका कारणाने स्मरणात राहिले: त्याच वर्षी विम व्हॅन एक ह्या डच अभियंत्याने दाखवून दिले की पडद्यातून निसटणाऱ्या लहरी थोड्या बदललेल्या दूरचित्रवाणी संचाने पकडून त्या पडद्यावरचा मजकूर दूरच्या रस्त्यावरून वाचता येतो. जी ऊर्जा शेजाऱ्याच्या रेडिओला त्रास देते, तीच आपले गुपितही घेऊन बाहेर पडत असते.

आपल्याकडे ह्या मर्यादांचे परीक्षण करणारी एक प्रमुख संस्था मुंबईचीच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सूक्ष्मतरंगांच्या एका विभागातून १९८४ साली ‘समीर’ ही स्वायत्त संस्था उदयास आली. पवई येथे तिचे केंद्र आहे, आणि नवी मुंबईत खारघर येथील तिच्या आवारात विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या, म्हणजे यंत्रांनी परस्परांच्या कामात व्यत्यय न आणता नांदण्याच्या, चाचण्या होतात. अंधेरीच्या एमआयडीसीतील शासकीय इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेतही हे काम चालते. परीक्षणाची खोली धातूने मढवलेली असते, म्हणजे बाहेरच्या आकाशवाणीचा व मोबाइलचा एकही तरंग आत येत नाही. भिंतींवर व छतावर काळ्या शंकूंची रांग, म्हणजे आतला तरंग भिंतीवर आपटून परत येत नाही. आणि खाली अखंड धातूची जमीन. ८० सेंटिमीटर उंचीच्या अवाहक टेबलावर पडदा ठेवतात, त्याच्या केबली नेहमीच्या वापराप्रमाणे सोडतात. जुन्या मानकाप्रमाणे पडदाभर इंग्रजी एच ह्या अक्षराच्या ओळींमागून ओळी सरकत ठेवीत, कारण उभ्या-आडव्या रेघांचे हे अक्षर काळ्या-पांढऱ्याची जलद अदलाबदल करवते आणि यंत्राचा गोंगाट अधिकात अधिक उघडा पाडते. मग टेबल सर्व अंगांनी फिरवतात, अँटेना १ मीटरपासून ४ मीटरपर्यंत चढवतात-उतरवतात, ती आडवी धरून मोजतात, उभी धरून मोजतात. ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात घरगुती यंत्राचे क्षेत्र १० मीटरांवर एका मीटरला व्होल्टच्या सुमारे ३२ दशलक्षांशांहून अधिक असता कामा नये. विजेच्या तारेने बाहेर जाणारा गोंगाट १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत निराळा तपासतात.

ही मर्यादा इतकी कडक कशासाठी, असे ज्याला वाटेल त्याने डहाणूच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या बोटी लागतात तेथे, थोडा वेळ घालवावा. खोल समुद्रात संकटात सापडलेल्या नाविकाने ज्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर हाक मारावयाची, त्याची वारंवारता १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे वर सांगितलेल्या पट्ट्याच्या अगदी मध्यात, आणि आपल्या पडद्याच्या बिंदूंच्या गतीच्या निकट शेजारात. दूरवरून आलेली हाक अँटेनेपाशी पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेली असते. किनाऱ्यावर ती ऐकणाऱ्या खोलीत उद्या दहा संगणक असतील. त्यांनी शांत राहावे, यात एखाद्याचे प्राण गुंतलेले असू शकतात.

सुसंगततेची दुसरी बाजू सहनशक्तीची. यंत्राने गोंगाट करू नये एवढेच पुरत नाही. दुसऱ्याचा गोंगाट त्याने सोसलाही पाहिजे. म्हणून पडद्याला ४,००० व्होल्टच्या स्थिर विजेचे चटके प्रत्यक्ष स्पर्शाने आणि ८,००० व्होल्टचे हवेतून देतात, रेडिओ-लहरींच्या क्षेत्रात त्याला ठेवतात, विजेच्या तारेवर वळवाच्या पावसातील कडकडाटाचे अनुकरण करणारे धक्के देतात, आणि मग चित्र ठिकाणावर आहे की नाही ते पाहतात. आपल्या देशात २०१२ च्या आदेशानुसार अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंची भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीची नोंदणी सुरू झाली व पडदेही तीत येतात. तिचा रोख मात्र मुख्यतः विजेचा धक्का व आग यांपासूनच्या सुरक्षिततेवर आहे. गोंगाटाची परीक्षा ही वेगळी परीक्षा आहे, आणि ग्राहकाने दोन्हींची रुजवात करून घ्यावी.

परंतु माझे मुख्य सांगणे याच्या पुढचे आहे. खारघरच्या त्या खोलीत यंत्राच्या पायाखाली अखंड धातूची जमीन असते, हिरवी तार शाबूत असते, केबल निर्दोष असते. आणि यंत्राला मिळणारा दाखला ह्या सर्व अटींसह मिळतो. तेच यंत्र तलासरीच्या पत्र्याच्या खोलीत तुटक्या अर्थिंगवर ठेवले, की आतले गोंगाट गिळणारे कंडेन्सर निरुपयोगी होतात, जाळीला आधार उरत नाही, आणि दाखल्यातला शब्द अन् शब्द खरा असूनही निष्फळ ठरतो. परीक्षणशाळेने अर्धे काम केले. उरलेले अर्धे बोर्ड बसवणाऱ्याचे, खड्डा खणणाऱ्याचे आणि त्याची देखभाल करणाऱ्याचे आहे.

ज्या भूमीला वारली समाज धरतरी म्हणून पुजतो, तिला आपण विजेच्या शास्त्रात शून्य मानतो. हे शून्य गृहीत धरून चालत नाही. डहाणू-तलासरीच्या लोकांना २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात पुनःपुन्हा बसलेल्या हादऱ्यांनी शिकवले की जमीन अचल नाही; तशीच ती विजेच्या दृष्टीने सर्वत्र समानही नाही. समुद्रकाठची ओली माती प्रवाहाला सहज सामावून घेते. तलासरीच्या चढावरचा मुरूम आणि त्याखालचा काळा पाषाण वैशाखात इतका कोरडा पडतो की त्यात पुरलेला नळ नावापुरता उरतो. दोन ठिकाणच्या दोन खड्ड्यांचे शून्य एकच असते, असे नाही, आणि पडद्यावरचे पट्टे हा त्याचाच पुरावा. म्हणून एका खोलीतल्या सर्व यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी, सर्वांचे अर्थिंग एका पट्टीवर आणून तेथून एकदाच जमिनीत उतरवावे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांची बोर्डात सांगड कधीही घालू नये, कारण न्यूट्रल कोठे तुटली तर यंत्राची पेटी पूर्ण २३० व्होल्टवर येते. आणि पट्टे घालवण्यासाठी तिसरी पिन कापण्याचा, अथवा बाजारात मिळणारे तीन पिनांचे दोन करणारे अॅडॅप्टर लावण्याचा जो उपाय सर्रास सुचवला जातो, त्याने पट्टे जातील, पण त्यांची किंमत एखाद्याच्या जिवाने चुकवावी लागेल.

त्या केंद्रात पुढच्या आठवड्यात काम झाले. अर्थिंगविषयीच्या भारतीय मानकाप्रमाणे अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित नळ पुरावयाचा होता. दीड मीटरवर मुरूम कठीण लागला, तेव्हा पहारीने फोडून खाली जावे लागले. नळाभोवती कोळसा व मीठ यांचे थर दिले, वर पाणी ओतण्यास नरसाळे बसवले, खड्ड्याच्या तोंडाशी विटांची चौकट बांधून झाकण ठेवले. जुन्या बोर्डातली न्यूट्रलची सांगड तोडली, दोन्ही टेबलांना एकच पट्टी व एकच जाड हिरवी तार दिली. मल्टिमीटरने पेटी आणि फरशी यांत आता एक व्होल्टही दाखवला नाही. पंप सुरू करून पाहिला; पडदा स्वच्छ राहिला.

पावसाळ्यापूर्वी मी पुन्हा तिकडून गेलो, तेव्हा तो तरुण एक कळशी घेऊन मागच्या अंगणातून येत होता. खड्ड्यात दर शनिवारी पाणी घालायचे, हे त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवले होते, आणि त्या महिन्यातल्या झालेल्या तिन्ही शनिवारांवर फुली होती. आत बाकावर एक गृहस्थ आपल्या फेरफाराच्या नोंदीची वाट पाहत बसले होते; त्यांचा हात संगणकाच्या लोखंडी पेटीवर निश्चिंतपणे विसावला होता.